‘अमोंटिलाडोचं पिंप’ : मॉन्ट्रेसरचा सूड खरंच पुरा झाला का?

शेवंती (धागाकर्ती)

कथेचा शेवट या धाग्यात उघड होणार आहे. आधी कथा वाचायची असेल तर वाचून मग या. मूळ इंग्रजी कथा अडीच हजार शब्दांच्या आत संपते.

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ नोव्हेंबर १८४६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ मासिकात आली. गेले काही महिने मी ती मराठीत आणायचा प्रयत्न करते आहे आणि तीन जागी अडले आहे. आधी वाटलं, शब्द सापडत नाहीत म्हणून अडले. आता वाटतंय, कथाच मला पुरती कळलेली नाही. म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात अशी. इटलीतलं एक शहर, कार्निव्हलचे दिवस, तिन्हीसांज. मॉन्ट्रेसर नावाचा खानदानी माणूस सांगतो की फॉर्च्युनाटोने केलेले हजार अन्याय मी कसेबसे सोसले, पण त्याने अपमान केला तेव्हा मी सुडाची शपथ घेतली. अपमान कोणता, ते तो शेवटपर्यंत सांगत नाही. फॉर्च्युनाटोला आपल्याला वाइनची पारख आहे याचा भारी अभिमान. मॉन्ट्रेसर त्याला म्हणतो, अमोंटिलाडो वाइनचं म्हणून एक पिंप घेतलंय, पण अस्सल आहे का याची शंका येते. तू कामात दिसतोस, मी लुकेसीला विचारतो. लुकेसीचं, म्हणजे दुसऱ्या पारख्याचं, नाव निघायचा अवकाश, फॉर्च्युनाटो स्वतःच मॉन्ट्रेसरचा दंड धरून त्याला ओढत त्याच्याच घरी नेतो. घराच्या तळघरात वाइन ठेवलेली आणि तिथेच घराण्यातल्या मेलेल्यांची हाडं रचलेली. अगदी आतल्या कोनाड्यात मॉन्ट्रेसर त्याला साखळीने जखडतो आणि समोर भिंत बांधून जिवंत गाडतो. हे सगळं तो पन्नास वर्षांनी कुणाला तरी सांगतो आहे.

आता माझ्या अडचणी.

एक, तू की तुम्ही? इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही. मराठीत पहिल्या संवादालाच निर्णय घ्यावा लागतो.

दोन, ‘मेसन’. फॉर्च्युनाटो हाताने एक विचित्र खूण करतो. मॉन्ट्रेसरला ती कळत नाही. मग तू फ्रीमेसन (एका गुप्त मंडळाचा सभासद) नाहीस, असं फॉर्च्युनाटो म्हणतो. हा म्हणतो, आहे की. खूण दाखव म्हटल्यावर झग्यातून थापी काढून दाखवतो. इंग्रजीत गवंड्यालाही मेसनच म्हणतात. पुढे ज्या थापीने त्याला चिणणार, तीच त्याला हसत हसत दाखवली जाते आणि तो ती थट्टेवारी नेतो. मराठीत ‘गवंडी’ म्हटलं की गुप्त मंडळ जातं, ‘फ्रीमेसन’ म्हटलं की थापी जाते.

तीन, शेवटची हाक. आतून फॉर्च्युनाटो ओरडतो, ‘देवासाठी, मॉन्ट्रेसर!’ आणि मॉन्ट्रेसर म्हणतो, ‘हो, देवासाठी!’ माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘हो, देवासाठीच!’ असं लिहिलंय. तो ‘च’ ठेवू की काढू, यात माझे पंधरा दिवस गेले आहेत.

आणि या सगळ्यामागचा खरा प्रश्न. सुरुवातीलाच मॉन्ट्रेसर सुडाच्या दोन अटी सांगतो. सूड घेणाऱ्याला शिक्षा झाली तर तो सूड नव्हे. आणि सूड कोण उगवतोय हे ज्याच्यावर उगवला त्याला जाणवलं नाही, तर तोही सूड नव्हे. पहिली अट पुरी झाली, पन्नास वर्षं तो पकडला गेला नाही. दुसरी झाली का?

मांडवीकाठ

सुंदर धागा, शेवंतीताई. मी कार्निव्हलबद्दल लिहितो, कारण ते आम्ही दरवर्षी बघतो.

गोव्यात कार्निव्हलला कोकणीत इंत्रुज म्हणतात. ॲश वेन्सडेच्या आधीचे चार दिवस. किंग मोमो येतो, खा-प्या-मजा करा म्हणून फर्मान काढतो, आणि बुधवारी सकाळी चर्चमध्ये कपाळावर राख लागते. राख लावताना पाद्री आठवण करून देतो की तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यामुळे आमच्यासाठी कार्निव्हल म्हणजे नुसती मौज नसते, तिच्या पाठीला राख लागलेली असते. पोने हे दिवस निवडले यात मला तरी सगळी कथा दिसते. फॉर्च्युनाटो वर रस्त्यावर मोमोच्या राज्यात आहे. जिना उतरला की एका रात्रीत तो बुधवारात पोचतो.

कपडे बघा. फॉर्च्युनाटो पट्ट्यापट्ट्यांचा विदूषकी वेष घालून, डोक्यावर शंकूसारखी टोपी, टोपीला घुंगरं. मॉन्ट्रेसरच्या तोंडावर काळा रेशमी मुखवटा. एरवी असा माणूस रस्त्याने गेला तर लोक वळून बघतील. त्या दिवशी सगळेच मुखवट्यात, खुनी उघड्यावर लपतो.

नोकरांचं तर मला फार आवडतं. मॉन्ट्रेसर त्यांना सांगतो, मी सकाळपर्यंत येणार नाही, घरातून कुणी हलायचं नाही. त्याची पाठ वळताच सगळे पसार होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आज्ञा मोडली जावी म्हणून आज्ञा द्यायची. फॉर्च्युनाटोवर तो हीच युक्ती चालवतो. परत जाऊ, तुझी तब्येत बरी नाही, ओल फार आहे, असं तो त्याला पुन्हा पुन्हा म्हणतो. प्रत्येक वेळी तो आणखी खाली उतरतो.

द्राक्षबाग

नाशिकहून. वाइनच्या धंद्यात असल्यामुळे कथा वाचताना जिथे अडखळलो ते सांगतो.

अमोंटिलाडो ही शेरीच आहे. स्पेनच्या दक्षिणेला हेरेझ भागात होणारी वाइन. नाव आलंय मोंतिया गावावरून. शेरी पिंपात मुरताना तिच्यावर यीस्टची पांढरी साय धरते, ती वाइनचं हवेपासून रक्षण करते. ती साय मेली की वाइनला हवा लागते, रंग गडद होतो, वास बदामासारखा येऊ लागतो. ती झाली अमोंटिलाडो.

आणि हा आपला पारखी म्हणतो काय? लुकेसीला अमोंटिलाडो आणि शेरी यांतला फरक कळत नाही! हे म्हणजे एखाद्याला हापूस आणि आंबा यांतला फरक कळत नाही असं म्हणण्यासारखं झालं. मला वाटतं पोने हे मुद्दाम घातलंय. ज्या पारखेच्या अभिमानापायी हा माणूस मरतो, ती पारख मुळात कितपत होती? काही जण म्हणतात, त्या काळी ‘शेरी’ म्हणजे साधी, हलकी शेरी असा अर्थ घेत असतील. असेलही. पण मला पहिला अर्थ जास्त खरा वाटतो.

वाटेत मॉन्ट्रेसर त्याला आणखी दोन वाइन पाजतो, मेदोक आणि ग्राव्ह. दोन्ही फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या. ग्राव्ह हे नाव इंग्रजी डोळ्यांनी वाचलं की कबर होते. मराठीत हे कसं आणणार ते ताईच जाणोत.

आणि एक. तो सांगतो ते पिंप म्हणजे ‘पाइप’ या मापाचं, साधारण पावणेपाचशे लिटरचं. एवढं मोठं पिंप कथेत कुणालाच दिसत नाही. शीर्षकात आहे, दोघांच्या तोंडी सतत आहे, आणि प्रत्यक्षात कुठेही नाही.

अर्धविराम

धागा चांगला आहे, पण मी जरा विरोधात बोलतो.

प्रतीकं शोधायला बसलं की प्रत्येक गोष्ट प्रतीक होते. फॉर्च्युनाटो म्हणजे भाग्यवान, म्हणून दैवदुर्विलास. मॉन्ट्रेसर फ्रेंचमध्ये ‘माझा खजिना’सारखं वाटतं, म्हणून तळघर म्हणजे खजिना. हे सगळं खरं असेल, पण त्याने अंगावर काटा येत नाही. काटा येतो तो थंडपणामुळे. ‘मी काही खोकल्याने मरणार नाही,’ असं फॉर्च्युनाटो म्हणतो तेव्हा मॉन्ट्रेसर नुसतं ‘खरंय, खरंय’ म्हणतो. ‘इथे पुरलेल्यांच्या नावाने,’ म्हणत फॉर्च्युनाटो वाइन ओठांशी नेतो, आणि मॉन्ट्रेसर म्हणतो, ‘तुझ्या दीर्घायुष्यासाठी.’ याच्यापुढे कोणतं प्रतीक हवं?

आणि सूड पुरा झाला. शंभर टक्के. त्याने ठरवलं, केलं, पचवलं. पन्नास वर्षांनी शांतपणे सांगतोय. पश्चात्ताप कुठे आहे दाखवा.

बकुळ

अर्धविराम, त्या खोकल्यावरच थांबा जरा.

मी छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. फॉर्च्युनाटोला तळघरात जो खोकला लागतो तो पोने अक्षरशः कागदावर उमटवला आहे, एकामागून एक उबळ. थांबायलाच तयार नाही. मॉन्ट्रेसर विचारतो, हा खोकला कधीपासून आहे? बिचाऱ्याला कितीतरी वेळ उत्तरच देता येत नाही.

१८४६ साली पो न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅमला एका लहानशा घरात राहत होता. त्याची बायको व्हर्जिनिया क्षयाने अंथरुणाला खिळली होती. १८४२ मध्ये गाताना तिच्या तोंडातून पहिल्यांदा रक्त आलं, आणि ३० जानेवारी १८४७ रोजी ती गेली. चोवीस वर्षांची होती. म्हणजे ही कथा छापून आल्यावर तीन महिनेही उलटले नव्हते. ‘मी खोकल्याने मरणार नाही’ आणि त्यावर ‘खरंय, खरंय’ हे लिहिणाऱ्या माणसाच्या घरात त्या वर्षी रात्रंदिवस खोकला ऐकू येत होता. हे कळल्यापासून मला ती ओळ थंड वाटत नाही.

पश्चात्तापाचं म्हणाल तर शेवटी एक वाक्य आहे. आतून उत्तर येत नाही, घुंगरं वाजतात, आणि मॉन्ट्रेसर म्हणतो, माझ्या काळजात कालवलं. मग एक रेघ. रेघेनंतर म्हणतो, तळघरातल्या ओलीमुळे. माझ्यापुढे बसणारे पेशंट असं खूप बोलतात. आधी खरं सांगतात, मग घाईघाईने कारण जोडतात. त्या रेघेच्या अलीकडचं मी खरं मानते.

जुने अंक

लेखकाच्या आयुष्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक धागा जोडतो.

१८४६ मध्ये पोने ‘गोडीज’मध्येच न्यूयॉर्कच्या साहित्यिकांवर एक लेखमाला लिहिली. त्यात टॉमस डन इंग्लिश या लेखकाची, आपल्या एकेकाळच्या मित्राची, भरपूर टिंगल केली. इंग्लिशने त्या वर्षी ‘मिरर’ या वर्तमानपत्रातून पोवर गंभीर आरोप केले. पोने ‘मिरर’वर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये तो जिंकला. ही कथा छापून आली ती या दोन घटनांच्या मधे, आणि तीही त्याच मासिकात. इंग्लिशच्या एका कादंबरीला दिलेलं हे उत्तर आहे, असा अभ्यासकांमध्ये एक मतप्रवाह आहे.

पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. अपमानाने पेटलेल्या माणसाने अपमानावरची कथा लिहिली आणि अपमान कोणता तेच गाळलं. रागावलेला माणूस एरवी सगळ्यात आधी तेच सांगतो. इथे पो मॉन्ट्रेसरच्या बाजूला उभा राहत नाही. वाचकाच्या हातात न्याय करायला काहीच ठेवत नाही.

ओळंबा

नमस्कार. मी बांधकाम खात्यातून निवृत्त. साहित्यातलं कळत नाही, भिंतीतलं कळतं. म्हणून हिशेब मांडला.

कोनाडा चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच, असं कथेत दिलंय. भिंतीचे थर अकरा. साडेसहा फूट धरले तर एक थर सात इंचांचा. तीन फुटांच्या रुंदीत प्रत्येक थराला दोन-तीन दगड. म्हणजे सगळे मिळून पंचवीस ते तीस. एकटा माणूस, मशालीच्या उजेडात, मध्यरात्रीच्या सुमारास शेवटच्या थरावर येतो. हे होऊ शकतं.

आता ऐका. चुन्याचा गिलावा असो की जोडकाम, चुना हवेतून घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतो. ओल्या, कोंदट तळघरात तर महिनोन्‌महिने. भिंतीला लोणा लागलाय, छतातून पाणी ठिबकतंय, असं पोने जागोजागी लिहिलंय. म्हणजे ती भिंत त्या रात्री भिंत नव्हतीच. मोकळा असता तर आतला माणूस दोन धक्क्यांत ती पाडू शकला असता. त्याला धरून ठेवलं ते कंबरेभोवतीच्या साखळीने. मॉन्ट्रेसरला हे माहीत होतं, म्हणून आधी साखळी, मग थापी.

तर मग भिंत कशासाठी? साखळीने काम झालं होतं. मला उत्तर एकच दिसतं. त्याला ते तोंड बघायचं नव्हतं. पहिला थर लावतानाच आतून कण्हणं ऐकू येतं, ती दारू उतरल्याची खूण. चौथ्या थरानंतर साखळीचा खणखणाट सुरू होतो, तेव्हा हा हातातलं काम टाकून हाडांच्या ढिगावर बसून ऐकतो. सातव्या थराला भिंत छातीला येते, मग मशाल उंच धरून आत बघतो. किंकाळ्या सुटतात आणि हा थरथरतो, तलवार उपसतो, अंधारात चाचपडतो. नंतर भिंतीला हात लावून बघतो आणि मगच त्याचा जीव थाऱ्यावर येतो. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गवंड्यांना ओळंबा लावून भिंतीवरून समाधानाने हात फिरवताना पाहिलंय. या माणसाचा हात मला त्यांच्यासारखा वाटला नाही.

शेवंती

ओळंबाकाका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. साखळी पुरेशी होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बकुळ, ती रेघ मी अनुवादात स्वल्पविराम केली होती. परत रेघ करते.

मांडवीकाठ

घराण्याच्या चिन्हाचं कुणी बोललंच नाही. निळ्या भूमीवर सोन्याचा पाय, तो फणा काढलेल्या सापाला चिरडतोय आणि सापाचे दात टाचेत रुतलेत. खाली लॅटिन ब्रीद: मला डिवचून कुणी सुखरूप जात नाही. (हेच ब्रीद स्कॉटलंडचंही आहे.) आता पाय कोण आणि साप कोण?

बकुळ

मराठी माणसाला हा प्रश्न सोपा आहे असं मला वाटतं. आपण सूड धरण्याला ‘डूख धरणं’ म्हणतो. डूख धरतो तो साप. मॉन्ट्रेसर स्वतःला सोन्याचा पाय समजतो. पण वर्षानुवर्षं मनात धरून बसणारा, हसून जवळ येणारा, जमिनीखालच्या बिळात नेणारा तोच आहे. आणि चित्रात पाय सापाला सोडत नाही, सापही टाच सोडत नाही. पन्नास वर्षं झाली तरी दोघं तसेच अडकलेले.

अर्धविराम

डूख मान्य. हे मला सुचलं नसतं. रेघेचं मात्र अजून पटलेलं नाही. खुनी माणसाला ओलीनेही मळमळू शकतं.

पण पाय आणि सापापेक्षा मला त्याच्या आधीचं वाक्य महत्त्वाचं वाटू लागलंय. काल कथा पुन्हा वाचली. फॉर्च्युनाटो म्हणतो, ही तळघरं फार मोठी आहेत. मॉन्ट्रेसर म्हणतो, मॉन्ट्रेसर हे मोठं, भरलेलं घराणं होतं. ‘होतं’ म्हणतो. त्यावर फॉर्च्युनाटो सहज म्हणतो, तुमचं चिन्ह काय ते विसरलो बुवा.

आपण सगळे अपमान शोधतोय. अपमान इथे नाही का? एका बुडालेल्या खानदानाच्या हाडांमध्ये उभं राहून, त्यांचीच वाइन पीत, त्यांचं चिन्ह विसरलो म्हणायचं. आणि पुढे मेसनच्या प्रसंगात, ‘तू? अशक्य! तू मेसन?’ फॉर्च्युनाटोला कधी कळतच नाही की आपण काही बोललो. हजार अन्याय लक्षात राहतात, त्यांचं उत्तर देता येतं. समोरच्याच्या हिशेबात आपण नाहीच, याचं काय करायचं?

आणि म्हणूनच शेवंती, मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. दुसरी अट पुरी झालेली नाही. फॉर्च्युनाटोला हे कोण करतंय ते कळलं, पण का, ते शेवटपर्यंत कळत नाही. भिंतीआडून तो हसतो आणि म्हणतो, छान थट्टा आहे, घरी गेल्यावर यावर खूप हसू. लेडी फॉर्च्युनाटो वाट बघत असेल, म्हणतो. मरतानाही त्याच्या डोक्यात थट्टाच आहे.

शेवंती

अर्धविराम, मग मला तू-तुम्हीचंही उत्तर सापडलं.

मॉन्ट्रेसर त्याला एका ठिकाणी म्हणतो, आपण श्रीमंत आहात, लोक आपल्याला मानतात, आपण सुखी आहात, मीही एकेकाळी होतो. आपण गेलात तर लोकांना उणीव भासेल, माझं काय. हे वाक्य ‘तू’ने लिहिलं की सपाट होतं. त्यामुळे मॉन्ट्रेसरच्या तोंडी ‘आपण’ आणि ‘तुम्ही’. फॉर्च्युनाटो मात्र त्याला पहिल्यापासून ‘तू’ म्हणेल, अगदी प्रेमाने, पाठीवर थाप मारून. कुठलाही अपमान न दाखवता तो प्रत्येक ओळीत दिसेल. ही सोय इंग्रजीला नव्हती, मराठीला आहे, तर मी ती घेते. म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला मी गोष्ट सांगितली त्यातलं ‘तू कामात दिसतोस’ माझंच चुकलं.

आणखी एक गोष्ट आज दिसली. सगळ्या कथेत फॉर्च्युनाटो त्याला नावाने हाक मारतो ती एकदाच, ‘देवासाठी, मॉन्ट्रेसर!’ तेव्हा. मॉन्ट्रेसरला हवा होता तो मान, ते ओळखलं जाणं, इथे आलं. भिंतीत एकाच दगडाची जागा उरलेली असताना.

जुने अंक

आणि त्यानंतर मॉन्ट्रेसर काय करतो? दोनदा हाका मारतो, ‘फॉर्च्युनाटो!’ आत मशाल टाकतो. त्याला उत्तर हवंय. खून करणारा उत्तरासाठी थांबलाय आणि मरणारा बोलत नाही. माझ्या मते मरणाऱ्याने केलेली ही एकच गोष्ट मॉन्ट्रेसरच्या आखणीत नव्हती.

मांडवीकाठ

शेवटच्या लॅटिन ओळीबद्दल थोडं. ‘इन पाचे रेक्विएस्कात’, त्याला शांती लाभो. मयताच्या प्रार्थनेतली ओळ, शब्द मागेपुढे केलेले. मध्ययुगात युरोपातल्या मठांमध्ये आजन्म कोंडून ठेवण्याच्या कोठडीला ‘इन पाचे’ म्हणत. अनुवादात ती ओळ लॅटिनच ठेवा ताई.

ओळंबा

‘च’चं काय ठरलं? मला विचाराल तर काढा. हा माणूस शेवटी शेवटी नुसता प्रतिध्वनी झालाय. तो किंचाळला की हा त्याच्याहून जोरात किंचाळतो. तो म्हणाला ‘चल जाऊ’, हा म्हणतो ‘हो, जाऊ’. प्रतिध्वनीत ‘च’ नसतो.

शेवंती

काढला, काका. ‘मेसन’ मात्र अजून सुटलेला नाही. सध्या फॉर्च्युनाटोच्या तोंडी ‘फ्रीमेसन’ आणि मॉन्ट्रेसरच्या उत्तरात ‘गवंडी’ असं ठेवलंय. थापी दिसली की वाचक जोडून घेईल अशी आशा आहे. ग्राव्हचा खेळ सोडून दिला.

शेवटच्या ओळी आता अशा आहेत, काही खटकलं तर सांगा:

‘देवासाठी, मॉन्ट्रेसर!’

‘हो,’ मी म्हणालो, ‘देवासाठी.’

मी कान देऊन उभा राहिलो. उत्तर आलं नाही. मी हाक मारली, ‘फॉर्च्युनाटो!’ उत्तर नाही. पुन्हा मारली. उरलेल्या फटीतून मशाल आत ढकलली, ती खाली पडू दिली. आतून आली ती नुसती घुंगरांची किणकिण.